वहीत दिसणारा स्वभाव



नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराला "तुमचा एखादा दोष सांगा" असे विचारण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. त्याची उत्तरेही ठरून गेली आहेत. "मी कामात फार गुंतून जातो", "मला प्रत्येक गोष्ट बिनचूक लागते", असे उमेदवार सांगतो. दोष विचारला असता तो हळूच एखादा गुणच पुढे करतो आणि विचारणाराही मान डोलावतो. पेढीच्या मालकाला तर हा प्रश्न विचारणारे कोणीच नसते. नोकर विचारू धजत नाहीत, मुले मर्यादा पाळतात आणि गिऱ्हाइकाला त्याच्याशी कर्तव्य नसते. त्यामुळे स्वतःच्या उणिवांची ओळख न होताच तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे व्यवसाय करणारी माणसे आपल्याला भेटतात. त्या उणिवांची किंमत मात्र त्यांनी दरवर्षी मोजलेली असते.

बँकेतील माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे बाजारपेठांतील शाखांत गेली. कर्जाच्या अर्जात उलाढाल, तारण, जामीनदार या सर्वांसाठी रकाने असतात. स्वभावासाठी रकाना नसतो. तथापि येण्याची यादी, मालसाठ्याचे पत्रक आणि खात्याचा उतारा समोर ठेवून तासभर बसले, तर अर्जदाराचा स्वभाव बराचसा उलगडतो. माणूस स्वतःविषयी जे सांगतो त्यापेक्षा त्याच्या वह्या अधिक खरे सांगतात, असा माझा अनुभव आहे. या वेळी त्याविषयीच थोडे लिहावयाचे आहे.

दोष ओळखू का येत नाही?

आपला दोष आपल्याला दिसत नाही, याचे कारण आपण बुद्धीने कमी आहोत असे नव्हे. दोष बहुधा गुणाच्या वेशात वावरतो. ज्याला कोणाला नाही म्हणवत नाही, तो त्याला माणुसकी म्हणतो. निर्णय लांबणीवर टाकणारा स्वतःला सावध समजतो. ज्याला कोणतेही काम दुसऱ्याच्या हाती सोपवत नाही, त्याला आपण जबाबदार आहोत असे वाटते. तापट माणूस स्वतःला स्पष्टवक्ता म्हणवतो, तर झालेली चूक झाकणारा घराण्याची प्रतिष्ठा सांभाळतो. या प्रत्येकात थोडे तथ्यही असते आणि म्हणूनच ही समजूत सुटता सुटत नाही.

व्यापारी घरांत सर्वांत जास्त नुकसान करणारा दोष कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी भीड असे उत्तर देईन. आपल्या भाषेत "भीड ही भिकेची बहीण" अशी म्हण आहे. ती म्हण ठाऊक नाही असा व्यापारी सापडणार नाही. पण आपल्या दुकानात ती बहीण राहावयास आली आहे, हे ओळखणारे थोडे.

ओळखीचा रकाना

एका तालुक्याच्या गावी बांधकाम साहित्याचे एक जुने दुकान होते. सिमेंट, सळई, नळ, रंग असा सगळा माल तेथे मिळे. मालक सचोटीचे, वागण्यात मृदू, पंचक्रोशीत मान असलेले. वार्षिक विक्री सुमारे १ कोटी २० लाख रुपये, म्हणजे महिन्याला १० लाख. त्या व्यवसायात दोन महिन्यांची उधारी स्वाभाविक धरली, तर येणे २० लाखांच्या आसपास असावयास हवे होते. ते ४५ लाख होते. आकडे मी सोयीसाठी गोल केले आहेत, प्रमाण मात्र खरे आहे.

कॅश क्रेडिट देताना बँक सामान्यतः ९० दिवसांपेक्षा जुने येणे हिशेबात धरत नाही. त्यामुळे कागदावर ४५ लाखांचे धनी असलेल्या या गृहस्थांना उचल मिळे ती जेमतेम २० लाखांच्या येण्यावर आणि दुकानातील मालावर. पुरवठादारांची देणी तुंबली होती. सिमेंटच्या एका वितरकाने रोखीशिवाय गाडी पाठवण्याचे बंद केले होते. मर्यादेच्या नूतनीकरणाची वेळ आली, तेव्हा ती वाढवणे दूरच, कमी करण्याचा विचार करावा लागेल, अशी परिस्थिती होती. मालकांचे म्हणणे एकच असे, "बाजारात पैसाच नाही, साहेब."

येण्याची वयानुसार यादी, म्हणजे कोणते येणे किती दिवसांचे, ती बँकेला हवी होती. यादी करण्याचे काम त्यांच्या मुलाने केले. मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर, नुकताच दुकानात बसू लागलेला. यादी करता करता त्याने आपल्या बुद्धीने एक जादा रकाना घातला आणि त्याला "ओळख" असे नाव दिले. प्रत्येक नावापुढे नातेवाईक, मित्र, गावचा पुढारी, शेजारी किंवा अनोळखी यांपैकी एक शब्द लिहिला. ९० दिवसांवरील ६२ खात्यांपैकी ४७ खाती नातेवाईक, मित्र आणि पुढारी यांची निघाली. अनोळखी गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांनी दोन महिन्यांत पैसे चुकते केले होते.

आता विचार करा. बाजारात खरोखर पैसा नसता, तर अनोळखी माणसाचेही पैसे थकले असते. मंदी नाते पाहून येत नाही. थकबाकी ओळखीच्या वाटेनेच आली होती. याचा अर्थ कारण बाजारात नव्हते, ते गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या स्वभावात होते. हे त्या वडिलांना कोणी तोंडी सांगितले असते, तर त्यांना राग आला असता. मुलाने काहीच सांगितले नाही, फक्त यादी पुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि "हे मलाच दिसायला हवे होते" एवढेच म्हटले.

भिडेची किंमत

भीड हा मनाचा विषय असला, तरी तिचा हिशेब मांडता येतो. या दुकानात स्वाभाविक उधारीपेक्षा २५ लाख रुपये अधिक अडकले होते. १२ टक्के दराने त्याचे वर्षाचे व्याज ३ लाख, म्हणजे दरमहा २५ हजार. भीड नावाचा एक नोकर त्या दुकानात २५ हजार पगारावर काम करत होता आणि त्याचे काम एवढेच की, पैसे मागू न देणे. हे व्याज सोडण्यापूर्वीचा नफा विक्रीच्या ४ टक्के धरला, तर तो ४ लाख ८० हजार होतो. त्यातून या नोकराचा पगार गेला की, कुटुंबाच्या हाती १ लाख ८० हजार उरतात.

मुद्दल बुडाले, तर हिशेब आणखी कठोर होतो. ४ टक्के नफ्याच्या धंद्यात १ लाख रुपये बुडाले की, ते भरून काढण्यासाठी २५ लाखांची नवी विक्री करावी लागते. शिवाय वस्तू व सेवा कराच्या आजच्या व्यवस्थेत, नियमित विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीवरील कर गिऱ्हाइकाकडून पैसे येवोत अथवा न येवोत, भरावाच लागतो. १८ टक्के दराचा १ लाखाचा माल उधार दिला की, १८ हजारांचे देणे तेथेच उभे राहते. आपण मालही दिला आणि कराची रक्कमही पदरची गुंतवली, असे होते.

कायद्याच्या तारखांनाही भीड ठाऊक नसते. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार साधारणपणे ३ वर्षांची आहे. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने बाकी लेखी मान्य केली, तर ती मुदत नव्याने सुरू होते. पण तशी सही मागण्याचा संकोच वाटतो आणि तीन वर्षे निघून जातात. धनादेश परत आला, तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे भरण्यासाठी समोरच्याला १५ दिवस असतात. भिडस्त माणूस त्या पहिल्या ३० दिवसांत "आज बोलू, उद्या बोलू" करत राहतो आणि हक्काचे साधन हातचे जाते.

निश्चय आणि व्यवस्था

दोष ओळखला म्हणजे अर्धे काम झाले, असे आपण म्हणतो. उरलेले अर्धे अधिक अवघड असते, कारण तेथे बहुतेक जण निश्चयावर विसंबतात. "उद्यापासून कडक वागायचे" असा निश्चय पाडव्याला होतो आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत विरून जातो. समोर मेहुणा उभा राहिला, त्याने घरी मुलीचे लग्न असल्याचे सांगितले की, जीभ वळत नाही.

बँकांनी माणसाच्या स्वभावाविषयी फार मोठे तत्त्वज्ञान सांगितलेले नाही, पण एक गोष्ट त्यांना पक्की कळली आहे. माणूस चांगला असला, तरी त्याच्या दुबळ्या क्षणी आधार देणारी व्यवस्था हवी. म्हणून तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात आणि एकट्याने ती उघडता येत नाही. नोंद करणारा एक आणि ती मंजूर करणारा दुसरा असतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान १० कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा, तीही पूर्वसूचना न देता, दिली जाते. त्या काळात दुसरा माणूस त्या खुर्चीवर बसतो आणि काही दडलेले असल्यास वर येते. यात कोणाच्या सचोटीचा अपमान नाही. प्रामाणिक कर्मचाऱ्याला तर या पद्धतीचे संरक्षणच असते.

ही व्यवस्था नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण बँकिंगच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १७६२ मध्ये लंडनला स्थापन झालेली बेरिंग्ज ही बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये कोसळली. सिंगापूर येथील तिचा तरुण अधिकारी निक लीसन वायदे बाजारात सौदे करत असे आणि त्या सौद्यांचा हिशेब मिटवणारा विभागही त्याच्याच हाती होता. तोटा तो "८८८८८" क्रमांकाच्या एका खात्यात लपवत गेला. तो भरून काढण्यासाठी आणखी मोठे सौदे केले आणि अखेर तोटा ८२ कोटी पौंडांच्या पुढे गेला. दोनशेहून अधिक वर्षांची ती बँक नेदरलँड्सच्या आयएनजी समूहाने नाममात्र १ पौंडाला घेतली. या प्रकरणात फसवणूक होतीच आणि त्याबद्दल त्याला तुरुंगवासही झाला. पण तिच्या मुळाशी एक अगदी साधी उणीव दिसते. "माझ्याकडून नुकसान झाले" हे शब्द त्याला उच्चारता येत नव्हते. दोन किल्ल्या दोघांकडे असत्या, तर तोटा लहान असतानाच ते शब्द कोणीतरी त्याच्याकडून वदवून घेतले असते.

बांधकाम साहित्याच्या त्या दुकानदारांनी केले ते याच जातीचे होते. त्यांनी कडक होण्याची शपथ घेतली नाही. समोरासमोर नाही म्हणणे आपल्याला या जन्मी जमणार नाही, हे त्यांनी मान्य केले आणि त्याप्रमाणे दुकानाची रीत बदलली. मागणी घेण्याचे काम त्यांच्याकडेच राहिले; पण गोदामातून माल निघे तो दिवाणजींच्या चिठ्ठीवर. प्रत्येक खात्याची उधारीची मर्यादा मुलाने आणि दिवाणजींनी मिळून लिहून ठेवली. ६० दिवसांपेक्षा जुनी बाकी असली, तर चिठ्ठी निघत नसे. दर महिन्याच्या १ तारखेला सर्व खातेदारांना बाकीचा उतारा जाऊ लागला आणि त्यातील मजकूर सख्ख्या नातेवाइकाला व अनोळखी ठेकेदाराला एकच असे. जुन्या खात्यांवर बाकी मान्य असल्याची सही घेण्याचे काम मुलाकडे आले. आता वडिलांना कोणाला नाही म्हणावे लागत नव्हते. "चिठ्ठी दिवाणजींकडे मिळेल" एवढे ते म्हणत आणि ते खरेच असे.

हे सर्व सुखासुखी झाले असे मात्र नाही. दीड वर्षात २५ लाखांपैकी १७ लाख आले, ३ लाखांचे हप्ते ठरले आणि ५ लाख बुडाले ते बुडालेच. घरातील गृहिणीचा सख्खा भाऊ उतारा पाहून दुखावला. त्याने येणे-जाणे बंद केले आणि एका लग्नात बहिणीशी तो बोललाही नाही. त्या माउलीने ते दुःख मुकाट्याने गिळले. भिडेने वर्षानुवर्षे पुढे ढकललेली कटुता एकदम समोर आली होती, आणि ती घरातील जिचा त्या उधारीत काहीच हात नव्हता तिला सोसावी लागली. उणीव दूर करताना अशी किंमत द्यावी लागते, हे आधीच जाणून असावे. कॅश क्रेडिटची मर्यादा मात्र कायम राहिली, सिमेंटची गाडी पुन्हा उधारीवर येऊ लागली आणि मुलाच्या हाती चालता धंदा आला.

इतर वह्या

भीड येण्याच्या यादीत दिसते, तशा इतर उणिवाही कोठे ना कोठे नोंदलेल्या असतात. वर्षअखेरीस पुढील चार ठिकाणी नजर टाकावी.

पहिली नोंद विलंब शुल्क, दंड आणि उशिराच्या व्याजाच्या खात्याची. कराचे विवरणपत्र, विजेचे देयक, विम्याचा हप्ता यांवर वर्षभरात जो भुर्दंड पडला, ती आपल्या चालढकलीची नेमकी रक्कम होय. पैसे नव्हते म्हणून उशीर झाला की पैसे असूनही झाला, एवढे मात्र वेगळे करून पाहावे. पैसे असूनही झालेला उशीर हा स्वभावाचा भाग आहे.

दुसरी नोंद पडून राहिलेल्या मालाची. वर्षापेक्षा जुना माल किती आणि तो अजून का निघाला नाही, हे पाहावे. त्यातील बराच माल विकला जात नाही, कारण तो तोट्यात विकला, तर आपली खरेदी चुकली हे कबूल केल्यासारखे होते. अशा मालावर जागेचे भाडे, भांडवलाचे व्याज आणि घसारा सोसत आपण आपला शब्द राखत बसतो.

तिसरी नोंद नोकरी सोडून गेलेल्यांची. मागील पाच वर्षांत कोण कोण गेले आणि जाताना त्यांनी कोणते कारण सांगितले, हे लिहून काढावे. चार जण चार वेगळी कारणे सांगून गेले असतील. पण ती सर्व माणसे तिखट बोलणाऱ्या एकाच व्यक्तीच्या हाताखालची असतील, तर कारण एकच आहे.

चौथी नोंद आपल्या गैरहजेरीची. आपण आठ दिवस यात्रेला किंवा रुग्णालयात असताना कोणती कामे अडली, हे परत आल्यावर विचारावे. एकाही धनादेशावर सही झाली नाही, एकही भाव ठरला नाही, असे असेल, तर पुष्कळांना त्याचा अभिमान वाटतो, "माझ्यावाचून पान हलत नाही." प्रत्यक्षात तो पेढीवरील मोठा धोका असतो. सर्वांनी आपल्यावर विसंबावे ही आपली गरज असू शकते; ती व्यवसायाची गरज नसते.

एका वेळी एक

अशी यादी केली की, चार-पाच उणिवा एकदम दिसू लागतात आणि मन खचते. येथे अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांचा प्रयोग उपयोगी पडण्यासारखा आहे. ते पुढे मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाले. पण १७०६ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ मूळचे फिलाडेल्फियात छापखाना चालवणारे व्यावसायिक. त्यांनी अंगी बाणवण्यासाठी गुणांची यादी केली आणि एक लहानशी वही आखली. आठवड्याच्या सात दिवसांचे सात रकाने, प्रत्येक गुणाची एक ओळ. ज्या दिवशी ज्या गुणात कसूर झाली, तेथे रात्री एक काळा ठिपका द्यावयाचा. एका आठवड्यात लक्ष द्यावयाचे ते एकाच गुणाकडे. यादी तेरा गुणांची असल्याने तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार फेऱ्या पूर्ण होत.

यातील दोन गोष्टी मला विशेष वाटतात. फ्रँकलिन यांच्या मूळ यादीत बाराच गुण होते. त्यांच्या एका मित्राने त्यांना सांगितले की, लोक तुम्हाला गर्विष्ठ समजतात आणि वादात तुम्ही समोरच्याला दाबून टाकता. त्यांनी ते ऐकून घेतले आणि नम्रता हा तेरावा गुण यादीत घातला. एवढ्या चिकित्सक माणसालाही आपला ठळक दोष स्वतःला दिसला नव्हता. दुसरी गोष्ट अशी की, त्यांनी "नम्र व्हावे" असा मोघम संकल्प केला नाही. "निश्चितच", "निःसंशय" असे शब्द बोलण्यातून वगळावयाचे आणि "सध्या मला असे वाटते" या प्रकारे बोलावयाचे, असा पाळता येण्याजोगा नियम घालून घेतला. व्यवस्थितपणा मात्र त्यांना अखेरपर्यंत नीट साधला नाही, हेही त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

दोषांची अशी नित्य उजळणी आपल्या वाचकांना नवी नाही. प्रतिक्रमणाची परंपरा दैवसिक, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक अशा ठरलेल्या काळाने मागे वळून पाहावयास सांगते. रोजच्या रोज रोजमेळ, ठरावीक काळाने ताळा आणि वर्षाअखेर ताळेबंद ही व्यापाराची रीतही त्याच धाटणीची आहे. ज्या घरांत या दोन्ही गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, तेथे त्यांची एकमेकींशी गाठ घालणे अवघड असू नये. गल्ल्यातील दहा रुपयांचा फरक सापडेपर्यंत आपण दुकान बंद करत नाही. मग नोकरावर नाहक चढलेला आवाज त्याच रात्री का आठवू नये?

सांगावयाचे कोणी?

आणखी एक नाजूक प्रश्न उरतो. घरच्या पेढीत वडिलांची उणीव मुलाला ठाऊक असते, पत्नीला ती त्याहून आधी कळलेली असते, आणि दिवाणजींना तर ती रोज निस्तरावी लागते. तिघेही गप्प असतात. मुलाने बोलावे तर उद्धटपणा ठरतो, पत्नीने बोलावे तर "तुला धंद्यातले काय कळते" असे ऐकावे लागते, आणि दिवाणजी पगारदार. म्हणून सांगण्याचा मार्ग मोठ्यांनीच मोकळा करावा लागतो. वर्षातून एकदा, ताळेबंद तयार झाल्यावर, सनदी लेखापाल किंवा घरच्या विश्वासातील एखादी बाहेरची व्यक्ती यांच्यासमवेत तासभर बसावे. "माझ्यामुळे यंदा पेढीचे कोठे नुकसान झाले?" असा प्रश्न स्वतः विचारावा आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नये. मधे बोलण्याचा मोह अनावर होतो. कारण खुलासे आपल्याकडे तयारच असतात. ते पुढच्या दिवसासाठी राखून ठेवावेत.

हा प्रश्न एकदा मोठ्यांनी विचारला की, पुढच्या पिढीलाही तो विचारण्याचे धैर्य येते. ज्या मुलाने वडिलांना आपली उणीव शांतपणे ऐकून घेताना पाहिले आहे, त्याला उद्या स्वतःची उणीव ऐकताना अपमान वाटत नाही.

शेवटी एक सावधगिरी. भीड सोडावयाची म्हणजे दयाही सोडावयाची, असा अर्थ कोणी काढू नये. त्या दुकानदारांच्या यादीत एका वृद्ध गवंड्याचे ८,४०० रुपयांचे जुने खाते होते. हात थरथरू लागल्याने त्याचे काम सुटले होते. मुलाने त्यालाही उतारा पाठवला तेव्हा वडिलांनी मुलाला थांबवले, गवंड्याला बोलावून "हा हिशेब आता मिटला" असे सांगितले आणि ती रक्कम येण्यातून काढून स्वतःच्या धर्मादाय खर्चात लिहिली. उधारी ती उधारी आणि दान ते दान, असे दोन रकाने त्या दिवशी त्यांनी वेगळे केले. पूर्वी त्यांच्या वहीत हे दोन्ही एकाच रकान्यात मिसळलेले असे, आणि म्हणून पैसेही वसूल होत नसत व पुण्यही पदरी पडत नसे.

येत्या रविवारी दुकान बंद असेल, तेव्हा आपल्या येण्याची यादी काढावी, त्यात ओळखीचा एक जादा रकाना आखावा आणि तो भरण्याचे काम घरातील सर्वांत लहान कर्त्या व्यक्तीकडे द्यावे. पहिले नाव कोणाचे लिहिले जाईल, हे आपल्यापैकी पुष्कळांना आत्ताच ठाऊक असेल.